थिएटर उभं राहील हो, पण केशवराव कोण?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना नुसतं लाईक करून पुढं जायचंय त्यांनी खुशाल जावं. पण शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या आणि खासबागेत भेळ खात ज्यांचं निम्मं आयुष्य गेलं त्या सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

केशवराव भोसले नाट्यगृहाचं काम कुठवर आलं, हा प्रश्न गावात रोज विचारला जातो. छत कसं होणार, खुर्च्या कसल्या बसणार, एसीचं काय, उद्घाटनाला कोण मंत्री येणार, निवडणुकीच्या आधी का नंतर. सगळे प्रश्न बरोबर आहेत. पण दोन प्रश्न कानावर येत नाहीत. एक, तयार झाल्यावर आत काय होणार? आणि त्याच्याही आधीचा, ज्याचं नाव वर लिहिलंय तो माणूस नेमका कोण होता?

मागं एकदा आमच्या कट्ट्यावर मी सहज विचारून बघितलं. तीन उत्तरं आली. एक म्हणाला, शाहू महाराजांच्या दरबारातले कोणतरी सरदार असणार. दुसरा म्हणाला, जुने आमदार असतील, नाव तर तसंच वाटतंय. तिसरा म्हणाला, नाटकातले कोणतरी. तिसऱ्याला पास केलं. पोरांना मी दोष देत नाही. त्या थिएटरात त्यांनी शाळेचं गॅदरिंग केलं, कुणाच्या तरी सत्काराला टाळ्या वाजवल्या, मोफत पास मिळाला म्हणून ऑर्केस्ट्रा ऐकला. केशवराव कोण हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवारची रात्र. ती ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी उभी केलेली वास्तू डोळ्यादेखत पेटली आणि सगळं गाव खासबागेकडं धावलं. नाटकवाली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. आग कशी लागली, कुणाची हलगर्जी, हा चौकशीचा विषय आहे, त्यात मी इथं शिरत नाही. पण दुसरा दिवस होता ९ ऑगस्ट. केशवरावांची १३४ वी जयंती. त्या सकाळी सगळे म्हणाले, बघा काय योगायोग, नेमकी जयंतीच्या आदल्या रात्री. मला त्यातलं दुसरंच लागलं. आग लागली नसती तर त्या दिवशी जयंती आहे हे गावातल्या किती जणांना कळलं असतं?

तर माणूस कोण, ते आधी सांगतो.

केशव विठ्ठल भोसले. जन्म कोल्हापूर, ९ ऑगस्ट १८९०. वडील लवकर गेले, घरात दारिद्र्य. जेमतेम चार-पाच वर्षांचं पोर असताना तो आणि भाऊ दत्तोपंत ‘स्वदेश हितचिंतक’ नावाच्या नाटक कंपनीत गेले. आज आपण म्हणू, एवढ्या लहान वयात नाटकाची आवड! आवड कसली हो. कंपनीत दोन वेळचं जेवण मिळायचं. त्या काळात गरिबाच्या घरात गळा बरा असलेलं पोरगं असलं की नाटक कंपनी हाच त्याचा पोटाचा मार्ग. पहाटे उठून तालीम, दिवसभर कंपनीची कामं, रात्री प्रयोग, मग बाडबिस्तारा बांधून पुढचं गाव. शाळा नाही, घर नाही. बाया रंगभूमीवर काम करत नव्हत्या, म्हणून मिसरूड न फुटलेल्या पोरांना लुगडं नेसवून उभं करायचे. पोराचा आवाज फुटला की त्याचं काय होणार हे त्याचं नशीब. कित्येकांचं नाव तिथंच संपलं.

केशवचं नाव झालं ते ‘शारदा’ नाटकात. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ साली आलं. पैशासाठी कोवळ्या पोरीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघालेला बाप, ही त्यातली गोष्ट. सांगतात की शारदेचं काम करणारा मुलगा ऐनवेळी नव्हता आणि या पोराला उभं केलं. उभं केलं ते केलं, पोरानं नाटकच खिशात घातलं. पुढं शारदा म्हणजे केशव असं समीकरण झालं. मला यात एक गोष्ट नेहमी टोचते. ज्या पोराचं स्वतःचं बालपण पोटासाठी दुसऱ्याच्या हवाली झालं होतं, तेच पोर रोज रात्री विकल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख गाऊन दाखवत होतं. लोक रडायचे म्हणतात. रडणारच की.

आता पुढचं ऐका. १ जानेवारी १९०८. वय वर्षं सतरा. आवाज टिकलाय, नाव झालंय, मालकाच्या हाताखाली राहिला असता तर चार पैसे मिळत राहिले असते. हा पठ्ठ्या बाहेर पडला आणि हुबळीत स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं ‘ललितकलादर्श’. आमच्याकडं सतरा वर्षांच्या पोराला गाडी चालवायचं लायसन मिळत नाही. (तेव्हा हुबळीत मराठी नाटक कंपनी काढायला कुणाला काही वाटत नव्हतं, आणि कानडी बोलणारी माणसं तिकीट काढून मराठी गाणं ऐकत होती, हेही जाता जाता. सीमाभागातल्या मित्रांनी राग मानू नये, मी नुसती आठवण करून देतोय.)

कंपनी काढणं म्हणजे काय हे आज कळायचं नाही. नट, वादक, रंगारी, आचारी, सामान वाहणारे, त्यांची बायकापोरं, एवढा बारदाना पाठीवर घेऊन गावोगाव फिरायचं. पावसाळ्यात प्रयोग बंद, पोटं चालूच. एखादं नाटक पडलं की कर्ज. आणि हे सगळं सांभाळून रात्री स्वतः रंगमंचावर जाऊन गायचं, तेही माईकशिवाय, शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे असं. केशवरावांचा आवाज चढा आणि पल्लेदार, तान विजेसारखी, असं जुन्या जाणत्यांनी लिहून ठेवलंय. ‘संगीतसूर्य’ ही पदवी त्यांना उगाच चिकटली नाही.

पण मला केशवराव मोठे वाटतात ते नुसत्या गळ्यामुळं नव्हे. गळा देवानं दिला. त्यांनी निवड काय केली ते बघा.

१९१२ साली ‘ललितकलादर्श’नं ‘दामिनी’ नाटक रंगमंचावर आणलं. लिहिणारी होती हिराबाई पेडणेकर. कलावंतिणीच्या घरात जन्मलेली बाई. गाणं येत होतं, कविता करत होती, मोठमोठ्या साहित्यिकांची तिच्या घरी ऊठबस होती. पण तिचं नाटक रंगमंचावर आणायचं म्हटलं की भल्याभल्यांचा पाय मागं. त्या काळच्या अब्रूदार समाजात तिला लेखिका म्हणून उभं करायचं म्हणजे जहागीर पणाला लावण्यासारखं. बावीस वर्षांच्या केशवरावांनी ते केलं. मराठी रंगभूमीवरच्या पहिल्या स्त्री नाटककारांत आज हिराबाईंचं नाव घेतात. त्या नावाला रंगमंच दिला तो कोल्हापूरच्या या पोरानं. हे आमच्या किती शाळांत शिकवतात? जागतिक महिला दिनाला हळदीकुंकू आणि पाककला स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी एकदा तरी हिराबाईंचं नाव घ्यावं.

मग मामा वरेरकर आले. ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्यावरचं नाटक. ‘संन्याशाचा संसार’मध्ये धर्मांतराचा विषय. तोपर्यंत बरंचसं संगीत नाटक म्हणजे पुराणातली कथा आणि पदांची रेलचेल. केशवरावांनी घराच्या ओसरीवरचा, वर्तमानपत्रातला विषय गाण्याच्या नाटकात घेतला. त्यात पैसे बुडायचा धोका होता. आणि स्वतःच्या लुगड्यातल्या भूमिकांना टाळ्या पडत असताना ते पुरुष भूमिकांकडं वळले, हेही सोपं नव्हतं. प्रेक्षकाला जे आवडतं तेच देत राहायचं, हा धंद्याचा पहिला नियम. तो त्यांनी मोडला.

संगीताला रामकृष्णबुवा वझे. सावंतवाडीकडचे, ग्वाल्हेर गायकीतले, स्वभावानं जमदग्नी. त्यांच्याकडून केशवराव शिकले. पडदे रंगवायला आपले आनंदराव आणि बाबुराव पेंटर. हे बाबुराव पेंटर म्हणजे तेच, ज्यांनी पुढं कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ केला. कोल्हापूर म्हणजे चित्रनगरी, कलानगरी, असं आपण कमानीवर लिहितो ना? त्या चित्रनगरीच्या आधी नाटकाचा पडदा होता. रंग, उजेड, देखावा यांचं शिक्षण पेंटर बंधूंना नाटक कंपन्यांच्या पडद्यांवर मिळालं. ‘ललितकलादर्श’नं मखमली पडदा आणला, नेपथ्यावर पैसा ओतला. समोर काय दिसतं याचीही फिकीर करणारा हा गायक होता.

आता त्या रात्रीबद्दल, जिची आठवण जुन्या लोकांनी जपून ठेवली होती. ८ जुलै १९२१. मुंबईतलं बालीवाला थिएटर. ‘संयुक्त मानापमान’. एका बाजूला ‘गंधर्व नाटक मंडळी’चे बालगंधर्व, भामिनीच्या भूमिकेत. दुसऱ्या बाजूला ‘ललितकलादर्श’चे केशवराव, धैर्यधर. पैसा टिळक स्वराज्य फंडाला.

हे म्हणजे काय होतं ते कोल्हापूरकराला एका वाक्यात सांगतो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ एकाच जर्सीत उतरले तर शाहू स्टेडियमवर काय होईल? तसंच. दोन कंपन्या, दोन गट, दोन्हीकडचे शौकीन एकमेकांचं तोंड न बघणारे. कोण मोठा यावरून पैजा. आणि हे दोघं एका रंगमंचावर, तेही देशाच्या कामासाठी. नाटक खाडिलकरांचं, १९११ चं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते आपल्या सांगवड्याचे. म्हणजे चाल कोल्हापूरची, धैर्यधर कोल्हापूरचा. गोष्टही बघा कशी. गरीब पण शूर सेनापती आणि त्याच्या गरिबीला नाक मुरडणारी श्रीमंत मुलगी. दोन वेळच्या जेवणासाठी कंपनीत गेलेलं पोर मुंबईच्या धनिकांसमोर गरिबाचा ताठा गाऊन दाखवत होतं. ‘मानापमान’वर २०२५ च्या जानेवारीत मोठा सिनेमा आला, आपल्यातल्या काहींनी पाहिला असेल. त्या नाटकाच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली रात्र आपल्या गावच्या माणसानं निम्मी गायलीय, हे थिएटरातनं बाहेर पडताना किती जणांना माहीत होतं?

त्यानंतर तीन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ ला पुण्यात विषमज्वरानं केशवराव गेले. वय ३१. टायफॉईड. आज गल्लीतला डॉक्टर गोळ्या देऊन बरा करतो असला आजार. त्याच्या पुढच्या वर्षी, ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. सात-आठ महिन्यांत गावानं राजा गमावला आणि गळाही.

बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. वयानं केशवरावांपेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठे. म्हणजे एकानं दुसऱ्यापेक्षा शेहेचाळीस वर्षं जास्त पाहिली. रेकॉर्डचा जमाना पाहिला, रेडिओ पाहिला, आठवणी लिहिणारी दोन पिढ्यांची माणसं भोवती जमली. पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर झालं, सिनेमा झाला. बालगंधर्वांबद्दल मला काडीची असूया नाही, तो माणूस अस्सल सोनं. मी एवढंच म्हणतो, ज्याला आयुष्य मिळालं त्याची आठवण आपोआप टिकली. ज्याला मिळालं नाही त्याची आठवण टिकवायची जबाबदारी गावाची होती.

‘ललितकलादर्श’ मात्र थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढं चालवली, वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’, ‘तुरुंगाच्या दारात’ अशी नाटकं केली. मग त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर, अण्णा. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ ही नावं आपल्या आईवडिलांना विचारा, चेहरा उजळतो का नाही बघा. सतरा वर्षांच्या पोरानं लावलेलं झाड शंभर वर्षं टिकलं. पण टिकलं ते मुंबईत.

इथं एक कडू गोष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. गेल्या काही वर्षांत केशवरावांचं नाव कुणी काढलंच तर ते एका ठरावीक सुरात. म्हणजे बघा, आमचा मराठा गडी, ब्राह्मणांच्या रंगभूमीवर कसा तळपला. यात खरं काहीच नाही असं मी म्हणत नाही. त्या काळची संगीत रंगभूमी कुणाच्या हातात होती, वर्तमानपत्रं कुणाची होती, हे सगळ्यांना माहीत आहे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आपल्या दरबारी आणलं, पैलवानाला, नटाला आधार दिला, त्यामागं त्यांचा विचार होता. पण केशवरावांचा गुरू वझेबुवा, नाटककार वरेरकर आणि अमरावतीचे वीर वामनराव जोशी, लेखिका हिराबाई, वारस पेंढारकर, आणि शेवटच्या वर्षातला सगळ्यात मोठा प्रयोग बालगंधर्वांच्या जोडीनं. या माणसाला जातीच्या बॅनरवर चिकटवायचं तर त्याची निम्मी माणसं बॅनरबाहेर काढावी लागतात. कंपनीत कोण गातो ते बघायचे, आडनाव नंतर. ज्यांना केशवराव फक्त ‘आपला’ म्हणून हवेत, त्यांनी ‘दामिनी’ का केलं याचं उत्तर आधी द्यावं.

जपानमध्ये काबुकी नावाचा नाटकाचा प्रकार आहे. तिकडंही पुरुषच बाईची भूमिका करतात, आणि आजही करतात. त्यांच्यात एक रीत आहे. मोठ्या नटाचं नाव त्याच्याबरोबर संपत नाही. घराण्यातल्या तयार झालेल्या नटाला समारंभानं ते नाव देतात. मग तो अमुक नावाचा आठवा, दहावा, तेरावा. नाव घेणाऱ्यानं त्या नावाला शोभेल असं काम करून दाखवायचं. आपण काय केलं? आपण नाव माणसाला न देता इमारतीला दिलं. पॅलेस थिएटरचं ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ झालं, पाटी लागली, आणि आपलं काम संपलं असं वाटलं. इमारत गात नाही. आणि इमारत जळते, हेही आता कळलं.

म्हणून थिएटर पुन्हा होतंय याचा आनंद आहेच, पण नुसत्या भिंती जशाच्या तशा उभ्या राहिल्या की ‘हेरिटेज’ जपलं, असं कुणी सांगू नये. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला जाऊन आले, तिथलं पाहून आले आणि इथं शेजारी शेजारी दोन गोष्टी उभ्या केल्या. कुस्तीला खासबाग मैदान, नाटकाला पॅलेस थिएटर, ते १९१५ साली तयार झालं. एकीकडं शरीराची तालीम, दुसरीकडं गळ्याची. आपल्या पेठांत तालमी अजून आहेत, लाल माती आहे, पहाटे शड्डू घुमतो. दुसऱ्या बाजूची तालीम कुठं गेली? हा माझा खरा प्रश्न आहे.

थिएटर १९१५ चं म्हणजे माईकच्या आधीचं. नटाचा उघडा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे हीच त्या बांधणीची पहिली अट असणार. नव्या बांधकामात आवाजाचं काय, यावर बोलणारा माणूस बैठकीत आहे का? बाहेरचा दगड तसाच ठेवला आणि आत सगळीकडं चकचकीत गुळगुळीत लावून घुमणारा हॉल केला, तर ते लग्नाचं कार्यालय झालं. काम पूर्ण झाल्यावर एक सोपी परीक्षा घ्या. एखाद्या तयार गायकाला रंगमंचावर उभं करा, माईक बंद, तंबोरा आणि तबला. बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीवर अधिकाऱ्यांनी बसावं. शब्द कळला तर बिल पास करा.

मग भाडं. हौशी नाटक करणाऱ्या पोरांना विचारा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं तर तालमीला जागा नाही, शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून तालीम करतात. प्रयोग लावायचा म्हटलं तर भाडं, लाईट, साउंड, पोलीस परवाना, सगळं मिळून खिसा फाटतो. तिकीट विकून तो खर्च निघत नाही. संगीत नाटकाचं तर विचारूच नका. ऑर्गन वाजवणारा शोधावा लागतो. सत्कार करणाऱ्यांना भाडं परवडतं, नाटक करणाऱ्यांना नाही, म्हणून नाट्यगृहात सत्कार जास्त होतात. यात कुणाचं षड्‌यंत्र नाही, साधं गणित आहे. आणि गणित बदलता येतं. सत्कार, मेळावा, कंपनीचं स्नेहसंमेलन यांना पूर्ण दर लावा, जास्तीचा लावा. त्या पैशातून महिन्यातले काही दिवस संगीत नाटक आणि हौशी रंगभूमीला जवळजवळ फुकट द्या. कुणी म्हणेल, थिएटर तोट्यात जाईल. बागा तोट्यात नाहीत? स्टेडियम नफ्यात आहे? तोट्यात काय चालवायचं हे ठरवणं म्हणजेच गाव चालवणं.

आणि पोरं. महापालिकेच्या शाळांत आज जी पोरं आहेत त्यात एखादा केशव असेलच की. बाप नाही, आई धुण्याभांड्याला जाते, गळा मात्र असा की गणपतीत आरती म्हणायला लागला की माणसं मागं वळून बघतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा पोरासाठी निदान नाटक कंपनी तरी होती. राबवून घेत होती, पण गाणं शिकवत होती, पोटाला घालत होती. आज त्याला काय आहे? रिॲलिटी शोची ऑडिशन, पुण्यामुंबईला जायचं भाडं, आणि तिथं रांगेत तासन्‌तास. क्लासची फी परवडणाऱ्यांची मुलं शिकतात, त्यांचं कौतुक आहे. बाकीच्यांचं? १८८३ पासूनचा देवल क्लब आपल्या गावात आहे, शिवाजी विद्यापीठात संगीत-नाट्याचा विभाग आहे, शिकवणारी माणसं आहेत. थिएटरच्या आवारात एक खोली, दोन तंबोरे, एक हार्मोनियम, संध्याकाळचे दोन तास, फी नाही. गळ्याची तालीम. खर्च किती? उद्घाटनाच्या मांडवाइतकासुद्धा नाही. पैलवानाला जसा खुराक बांधून देतात तसा या पोरांना शिष्यवृत्तीचा खुराक बांधून द्यावा, पेठांतल्या मंडळांनीच. गणपतीतल्या डॉल्बीचा एका दिवसाचा खर्च एका पोराच्या वर्षाच्या शिक्षणाला पुरेल. ‘डॉल्बी’ शब्द काढला की मंडळांचे अध्यक्ष माझ्यावर चिडतात. चिडू देत, मीही मंडळाचाच कार्यकर्ता आहे, वर्गणी मागत हिंडलोय.

दर्शनी भागात नुसता पुतळा किंवा तैलचित्र नको. केशवराव लुगड्यातले आणि धैर्यधराच्या वेशातले, दोन्ही दिसावेत. लुगड्यातला फोटो लावायला काही जणांना संकोच वाटेल, पुरुषासारखा पुरुष आणि हे काय म्हणून. तिथंच तर त्याची कमाई आहे. शेजारी हिराबाई पेडणेकर असाव्यात, वझेबुवा असावेत, पडदा रंगवणारे पेंटर बंधू असावेत. पाचवीतलं पोरगं गॅदरिंगला आलं तर पाच मिनिटांत त्याला कळलं पाहिजे की हे सरदार नव्हते, आमदार नव्हते.

माझं म्हणणं महापालिकेत आणि नाट्य परिषदेच्या मंडळींकडं लेखी देणार आहे. कुणाला सही करायची असेल तर रविवारी सकाळी निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ भेटा. आणि एक काम घरबसल्या करा. जुन्या वाड्यात, माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत ‘ललितकलादर्श’ची जाहिरात, तिकीट, पदांची पुस्तिका, एखादा फोटो, काहीही असेल तर फेकू नका, रद्दीत घालू नका. ओरिजिनल तुमच्याकडंच ठेवा, चांगला फोटो काढून कमेंटमध्ये टाका, खाली घराण्याचं नाव आणि वस्तू कुठून आली ते लिहा. आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून लिहा, आजच विचारा.